सायक्लेमेन : बी ते फूल, पाचगणीतल्या एका रोपवाटिकेची नोंदवही

४ नोव्हेंबर २०२३

आज ५८८ बिया टोकल्या. ९८ खाचांचे सहा प्रो-ट्रे भरले. बी बाहेरून आलेलं, संकरित, मोठ्या फुलाचं. रंग तीन: लाल, पांढरा आणि गडद गुलाबी. एका ग्रॅममध्ये शंभराच्या आसपासच बिया बसतात, त्यामुळे एकेक बी चिमटीत धरून लावता येते. पण किंमतही तशीच मोजून असते, म्हणून हात जपून चालतो.

आपल्याकडे निशिगंध, डेलिया यांचे कंद वाढतात, फुटतात, शेजाऱ्याला दोन देता येतात. सायक्लेमेनचा कंद आयुष्यभर एकच. त्याला पिल्लं फुटत नाहीत आणि कापून लावला तर बहुधा कुजतो. प्रत्येक झाडाची सुरुवात बीपासून, दुसरी वाट नाही.

बिया काल सकाळपासून चोवीस तास कोमट पाण्यात भिजत होत्या. माध्यम म्हणून धुतलेलं कोकोपीट (नारळाचा भुसा) आणि थोडं परलाइट (पांढरे हलके खनिज दाणे), वर अर्धा सेंटिमीटर व्हर्मिक्युलाइट (ओल धरणारं फुलवलेलं खनिज). या बियांना उगवताना उजेड चालत नाही, गडद अंधार लागतो. आणि तापमान १५ ते १८ अंश, वीसच्या वर गेलं की उगवण रेंगाळते. आमच्या घरामागे आजोबांच्या वेळची जांभ्या दगडाची खोली आहे, पूर्वी तिथे बटाट्याचं बेणं ठेवायचे. आज दुपारी दोन वाजता आतला पारा १८ वर होता. ट्रे तिथे मांडले, वर काळं प्लास्टिक टाकलं, दार ओढून घेतलं.

पाणी घालणाऱ्या मावशींनी विचारलं, "दादा, झाडाचं नाव काय म्हनला? सायकल?" हसू आलं, पण नंतर लक्षात आलं की त्या मुळाजवळच आहेत. सायकल आणि सायक्लेमेन, दोन्ही शब्द वर्तुळ या अर्थाच्या एकाच ग्रीक शब्दावरून आलेत. कंद चपटा आणि गोल असतो, त्यावरून हे नाव पडल्याचं सांगतात. आमच्याकडे आता ते 'सायकल'च राहणार.

१९ नोव्हेंबर

काही नाही. प्लास्टिक उचलून ओल पाहिली आणि परत झाकलं. पंधरा दिवसांत मिरची फळाला नाही आली तरी डोळ्यांना दिसते तरी. इथे माती जशीच्या तशी.

६ डिसेंबर

उगवलं! बत्तिसावा दिवस. पांढरट गुलाबी रंगाचे बारीक आकडे व्हर्मिक्युलाइटमधून वर आलेत. आत बोटाने किंचित उकरून पाहिलं तर आकड्याच्या बुडाशी मोहरीएवढी गाठ तयार. म्हणजे पान वर यायच्या आधी कंदाची तयारी झालेली असते. हे झाड आधी शिदोरी बांधतं, मग प्रवासाला निघतं.

ट्रे खोलीतून काढून पॉलिहाऊसच्या सावलीच्या कोपऱ्यात मांडले. अंधारात आणखी दोन दिवस राहिले असते तर मान लांब होऊन लोळले असते.

१८ डिसेंबर

मोजणी. आतल्या चार ट्रेमध्ये ३९२ पैकी ३२९ उगवली. दाराजवळच्या दोन ट्रेमध्ये १९६ पैकी फक्त ९८. बी तेच, माध्यम तेच, पाणी घालणारा हात तोच. खोलीत जाऊन दार बंद केलं आणि उभा राहिलो. दाराखाली बोटभर फट आहे आणि सकाळचं ऊन बरोबर त्या दोन ट्रेंच्या कडेवर येतं. प्लास्टिकचं टोक तिथे वर सरकलेलं होतं. माझी चूक. बी पेरण्याआधी दहा मिनिटं त्या खोलीत दार लावून उभं राहायला हवं होतं.

एकूण ४२७ रोपं, म्हणजे ७३ टक्क्यांच्या आत-बाहेर.

आणखी एक गोष्ट. सायक्लेमेन द्विदल गटातलं, पण वर येतं ते एकच बीजपत्र. मावशी दोन-तीन दिवस "दुसरं पान तुटलं काय वं" म्हणून काळजीत होत्या. तुटलेलं नाही, ते वर येतच नाही. मात्र त्या एका पानावर बीचं टरफल टोपीसारखं अडकून बसतं. ओढून काढायला गेलो आणि नऊ रोपांची पानं टोपीसकट तुटली. आता सकाळी सातला बारीक तुषार मारायचा, टरफल मऊ पडू द्यायचं आणि मगच बोटाने सोडवायचं.

१५ जानेवारी २०२४

संक्रांत. रात्री आत ११ अंशांपर्यंत उतरतंय. रोपं थंडीने मरत नाहीत, फक्त थांबतात. पहिलं खरं पान डोकावतंय, बदामाच्या आकाराचं, त्यावर चंदेरी नक्षीची पुसट सुरुवात.

ट्रेवर बारीक काळ्या माश्या उडताना दिसल्या. यांच्या अळ्या ओल्या कोकोपीटमध्ये राहून कोवळी मुळं आणि कंद कुरतडतात. पिवळे चिकट सापळे लावले. खरा उपाय मात्र वरचा थर सुकू देणं हाच. आम्ही पाणी जास्त घालत होतो.

२४ फेब्रुवारी

बरोबर सोळा आठवडे. तीन-चार पानांची ४०२ रोपं ३ इंची कुंड्यांत हलवली. पंचवीस गेली, काही माश्यांमुळे, काही मानकुजीने.

लावताना कंदाचा वरचा भाग उघडा ठेवायचा असं सांगूनही पहिल्या तासात साठ-सत्तर रोपं गळ्यापर्यंत पुरली गेली. दोष कुणाचा नाही. टोमॅटो-कोबीचं रोप खोल लावायचं ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. इथे कंदाच्या डोक्यावर माती आली की पाणी साचतं, आणि सगळ्या पानांचे व कळ्यांचे कोंब त्या डोक्यातूनच निघतात. सगळी परत वर उचलून लावली.

२० मार्च

पानं मोठी, हिरवीगार, पाहणाऱ्याला वाटेल काय जोमदार. मला ती आवडली नाहीत. देठ मऊ, पान पातळ, हात लावला की लवतं. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. बाकी सगळ्या रोपांबरोबर यांनाही १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत) चाललं होतं. त्यातल्या नत्राचा बराच भाग युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतो, त्याने सायक्लेमेन फुगतं. याला नत्र हवं ते नायट्रेटच्या रूपात आणि पालाश नत्राच्या दीड ते दोन पट.

आजपासून १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) आणि कॅल्शियम नायट्रेट, दोन्ही लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, मध्ये दोनदा साधं पाणी. ही दोन खतं एका टाकीत चालतात. सल्फेट किंवा स्फुरदाचं खत असेल तर कॅल्शियम वेगळ्या दिवशी, नाहीतर तळाशी पांढरा गाळ बसतो आणि झाडाला काहीच मिळत नाही.

९ एप्रिल

गुढीपाडवा. घरच्या गुढीबरोबर रोपवाटिकेच्या दारातही एक उभारली. दुपारी पॉलिहाऊसमध्ये ३४ अंश. रोपांनी नवीन पान काढणं बंद केलंय.

इथे थांबून थोडं लिहितो, कारण या झाडाची सगळी अडचण या एका गोष्टीत आहे. सायक्लेमेन पर्सिकम हे मूळचं भूमध्य समुद्राच्या पूर्व काठाचं: तुर्कस्तानचा दक्षिण भाग, सीरिया, लेबनॉन, इस्रायल, सायप्रस. नावात पर्शिया असलं तरी इराणमध्ये ते रानात वाढत नाही. तिकडे पाऊस हिवाळ्यात येतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. त्यामुळे रानातलं झाड पावसाबरोबर जागं होतं, थंडीत फुलतं आणि उन्हाळा लागला की पानं टाकून जमिनीत झोपी जातं. आमच्याकडे उलटं. त्याची झोपायची वेळ झाली की आमचा वळीव आणि मागोमाग चार महिन्यांचा पाऊस. झोपलेल्या कंदावर पाणी पडलं तर कुजणारच.

म्हणून याला झोपू द्यायचं नाही असं ठरवलंय. दोन महिने कसंबसं जागं ठेवायचं, पानं टिकवायची. पानांचा एवढा आग्रह कशासाठी? सायक्लेमेनची कळी पानाच्या बगलेत धरते. पहिली सहा-सात पानं नुसती पानंच. त्यानंतर साधारण एका पानामागे एक फूल. डिसेंबरची फुलं आत्ताच्या आणि पावसाळ्यातल्या पानांच्या हिशेबात आहेत. गळलेलं पान म्हणजे गळलेलं फूल. म्हणून दहा कुंड्यांना १ ते १० क्रमांक दिले, त्यांची पानं दर महिन्याला मोजायची.

१४ एप्रिल

सगळ्या कुंड्या पॉलिहाऊसमधून बाहेर काढल्या. सिल्व्हर ओकच्या रांगेखाली बांबूचे मांडव होते, त्यावर ५० टक्क्यांची शेडनेट, दुपारच्या बाजूला आणखी एक पदर. बाहेर सावलीत २९, आत पॉलिहाऊसमध्ये ३५. सहा अंशांसाठी चारशे कुंड्या हाताने वाहिल्या आणि संध्याकाळी पाठीला कळलं, पण झाडांचं तोंड दुसऱ्याच दिवशी उजळलं.

८ मे

मर आली. एक कुंडी सकाळी टवटवीत, संध्याकाळी अर्धी पानं पिवळी. पाणी कमी पडलं म्हणावं तर कुंडी जड. उपटून पाहिलं, मुळं पांढरी, चांगली दिसतात. कंद आडवा कापला तेव्हा आत तपकिरी-जांभळट ठिपक्यांचं कडं. फ्युजेरियमची मर ती हीच. झाडाच्या रसवाहिन्या आतून बंद होतात, वरून कळतं तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

मी ज्यावर खूश होतो, त्यानेच ही पसरली असावी. कंदावर पाणी पडू नये म्हणून एप्रिलपासून कुंड्या पसरट ट्रेमध्ये ठेवून खालून पाणी पाजत होतो. एका ट्रेमध्ये वीस कुंड्या, वीस मिनिटं, मग तेच पाणी पुढच्या ट्रेला. पुस्तकी दृष्टीने खालून पाणी उत्तम. पण एक आजारी कुंडी असली तर तिच्या पाण्यात एकोणीस निरोगी पाय सोडून बसतात.

ट्रे बंद. आजपासून बारीक, लांब नळीची झारी. नळी पानांच्या खालून कुंडीच्या कडेला टेकवायची आणि कंदाला थेंब लागू न देता पाणी सोडायचं. वेळ तिप्पट लागतो. आजारी झाडं कुंडीसकट जाळली, मांडवाचे बांबू धुऊन काढले, बाकीच्यांना ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी मित्रबुरशी) दिलं. ट्रायकोडर्माने आजारी झाड बरं होत नाही, निरोग्याभोवती कुंपण पडलं तर पडतं.

१७ मे

मावशींनी आज मला पाणी द्यायला शिकवलं. मी वरची माती बघून पाणी घालतो. त्या कुंडी उचलतात. "आवं दादा, वरनं वाळल्यालं दिसतंय, पर जड हाय बगा. ह्याला आज नगं." दोन ओळींतल्या चाळीस कुंड्या त्यांनी उचलून बाजूला केल्या. त्यातल्या अकरांनाच पाणी हवं होतं. मी चाळीसांना दिलं असतं. सायक्लेमेनला तहान लागली की पानांचे देठ किंचित बाहेर झुकतात, ती खूण दिसायच्या आधीचा जो हलकेपणा आहे तो फक्त हाताला कळतो. उद्यापासून पाण्याचा निर्णय मावशींचा.

३० मे

शिल्लक ३७१. मरीने ३१ नेली. क्रमांकाच्या दहा कुंड्यांची सरासरी ११ पानं, एप्रिलमध्ये १० होती. दोन महिन्यांत एक पान. पण टिकून आहेत.

वळवाचा एक जोरदार सडाका येऊन गेला. सगळ्या कुंड्या परत पॉलिहाऊसमध्ये.

१४ जून

शेवटची कुंडी, ५ इंची. मुळांनी ३ इंची कुंडीची भिंत पांढरी केली होती, पाच रोपांची मुळं खराब निघाली ती काढली. ३६६ लावली.

माध्यम: कोकोपीट सहा भाग, परलाइट दोन, चाळलेलं पालापाचोळ्याचं खत दोन. इथली लाल माती अजिबात नाही. ती स्ट्रॉबेरीच्या गादीवाफ्यावर सोनं आहे, पण कुंडीत बसून विटेसारखी होते. कोकोपीट आधी दोनदा साध्या पाण्याने धुतलं, मग कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर ठेवून परत धुतलं. नारळाच्या भुशात सोडियम आणि पालाश चिकटलेलं असतं, कॅल्शियम त्यांना हुसकून जागा घेतं. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि बरेच जण गाळतात. गाळली की महिन्याभराने पानांच्या कडा करपतात आणि दोष औषधाला दिला जातो. सामू (पीएच) ५.८ आला, मनासारखा.

या वेळी एकही कंद पुरला गेला नाही. सगळ्यांचा वरचा तिसरा हिस्सा उघडा.

२ जुलै

हवा थंड झाली, दिवसा २२, रात्री १८. झाडांना जणू आपलं गाव आठवलं. दर आठवड्याला एक नवीन पान, काहींना दोन.

२३ जुलै

पाच दिवस धुकं हललेलं नाही. आर्द्रता मोजायचं यंत्र ९५च्या खाली येत नाही, प्लास्टिकच्या आतून थेंब गळतायत. आज सकाळी मधल्या रांगेत कुंडीच्या पोटात राखाडी लव दिसली. करडी बुरशी.

ही आमच्या ओळखीची. महाबळेश्वर-पाचगणीत स्ट्रॉबेरी लावणाऱ्या कुणालाही फळावरचा हा राखाडी मखमलीसारखा थर दाखवावा लागत नाही. बुरशी तीच, बोट्रायटिस. स्ट्रॉबेरीत फळ जातं, इथे मधल्या गाभ्यातले कोवळे देठ जातात, म्हणजे कळ्या धरायची जागाच.

संध्याकाळपर्यंत तिघांनी मिळून प्रत्येक कुंडीची पानं उघडून गाभा पाहिला. बिघडलेलं पान कापायचं नाही. देठ बुडाशी धरून किंचित पिळायचा आणि झटका द्यायचा, बुडापासून अख्खा सुटून येतो. कापलं तर राहिलेलं थोटूक कुजतं आणि बुरशीला तेच हवं असतं. एकूण १४६ पानं काढली. प्रत्येक पानाबरोबर डिसेंबरचं एक फूल बादलीत जात होतं आणि मला ते मोजणं थांबवता येत नव्हतं. ३ क्रमांकाच्या कुंडीची अकरा गेली.

२५ जुलै

दोन पंखे आणले. पान हलेल न हलेल इतकीच हवा, रात्रभर चालू. रात्री वीज गेली की मी किंवा धाकटा भाऊ उठून बाजूचे पडदे हातभर उघडतो. थंड हवा आत आली तरी चालेल, कोंडलेली नको. पाणी फक्त सकाळी नऊच्या आत, संध्याकाळी पानावर थेंब राहता कामा नये.

कुंड्यांमध्ये वीतभर अंतर केलं. जागा पुरेना, म्हणून स्ट्रॉबेरीच्या मातृरोपांचा अर्धा मांडव रिकामा करायचा विचार होता. सोडून दिला. सायक्लेमेनच्याच नावाने ओळखला जाणारा एक अतिसूक्ष्म कोळी आहे, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, आणि तो स्ट्रॉबेरीवरही जगतो. ही दोन पिकं एका छपराखाली नकोत. त्याऐवजी घराचा व्हरांडा मोकळा केला. आईने तुळशीशेजारी साठ कुंड्यांना जागा दिली.

१५ ऑगस्ट

पावसाने एकूण ४८ नेली, ३१८ उरली. पण जी उरली ती भरली आहेत.

पानमोजणी: ७ क्रमांक ३४ पानं, सगळ्यांत जास्त. ३ क्रमांक १६. बाकीची २२ ते ३० च्या मध्ये. ७ क्रमांकाची कुंडी पंख्यापासून दुसऱ्या रांगेत, वारा लागतो पण अंगावर येत नाही अशी. तिला वेगळं खत नाही, वेगळं पाणी नाही.

पानं बाजूला करून कंदाच्या डोक्याकडे भिंगाने पाहिलं. देठांच्या बगलेत तांदळाच्या कणीएवढ्या, खाली मान घातलेल्या कळ्या आहेत.

१ सप्टेंबर

तासगावचे दाजी आले होते. त्यांची द्राक्षबाग आहे. कळ्या पाहून म्हणाले, "जीए मार की! आम्ही घड लांबवायला मारतोच." जिब्रेलिक अॅसिडने सायक्लेमेनची फुलं लवकर येतात हे खरं आहे, पण मात्रा जरा चुकली की देठ लांब आणि लुळे. सगळ्यांवर मारायचं धाडस नव्हतं, वीस कुंड्यांवर करू म्हटलं. एक ग्रॅमची पुडी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून लिटरभर पाणी केलं, त्यातले १० मिली परत एक लिटर पाण्यात. म्हणजे १० पीपीएम. गाभ्यावर एकच हलका फवारा, एकदाच.

१६ सप्टेंबर

या पंधरवड्यात पानं 'ओढायचं' काम. मधली पानं हलक्या हाताने बाहेरच्या पानांच्या खाली सारायची, म्हणजे गाभा उघडा पडतो आणि कळ्यांवर उजेड येतो. हवाही खेळते. एका कुंडीला दोन मिनिटं. सगळ्यांत शांत काम हेच. गणपतीच्या आरतीच्या सुट्टीत शाळेतली मुलंसुद्धा येऊन बसली आणि मोठ्यांपेक्षा नीट करत होती.

१० ऑक्टोबर

पाऊस ओसरला आणि ऑक्टोबरची काहिली लागली. आत ३१. आणि फुलकिडे. खालच्या वाफ्यात दसऱ्यासाठी झेंडू होता. तो तोडायला लागल्याबरोबर सगळे फुलकिडे वर सायक्लेमेनच्या कोवळ्या कळ्यांत शिरले. रंग दिसू लागलेल्या कळ्यांवर पांढुरके ओरखडे. निळे चिकट सापळे दोन दिवसांत काळे झाले. निमअर्क एक दिवसाआड, फक्त सकाळी आणि गाभा दुपारपर्यंत सुकेल असा. बिघडलेल्या कळ्या खुडल्या.

झेंडू खाली आणि सायक्लेमेन वर ही मांडणी पुन्हा करायची नाही.

२१ ऑक्टोबर

जीए मारलेल्या वीसपैकी पहिली उमलली, लाल. पन्नासाव्या दिवशी.

४ नोव्हेंबर

पेरणीला वर्ष झालं. आज पुढच्या वर्षासाठी २९४ बिया त्याच दगडी खोलीत टोकल्या. दाराची फट गोणपाटाने गच्च भरली. मावशी आत गेल्या, दार लावून घ्यायला सांगितलं आणि आतून ओरडल्या, "हाताला हात दिसंना, लावा आता!"

९ नोव्हेंबर

जीए न मारलेलं पहिलं फूल, ७ क्रमांक, पांढरं. पाकळ्या उलट्या मागे वळलेल्या, वाऱ्याच्या तोंडावर धरलेल्या रुमालासारख्या. तोंड मात्र जमिनीकडे. मी बऱ्याच वेळा चित्रात पाहिलेलं आहे, पण पाकळी मागे फिरते ती वेळ बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. रात्री कळी मिटलेल्या छत्रीसारखी होती, सकाळी नऊला अर्धी, दुपारी पूर्ण.

पेरणीपासून ५३ आठवडे. युरोपातल्या थंड काचघरांत हेच काम आठ-नऊ महिन्यांत होतं. आमचे जास्तीचे महिने एप्रिल, मे आणि ऑक्टोबरने खाल्ले.

२९ नोव्हेंबर

जीएचा निकाल. अडीच-तीन आठवडे आधी फुलली, हे निर्विवाद. पण वीसपैकी सात कुंड्यांचे देठ इतके लांबले की फूल पानावर टेकतं, गाडीत घालून नेलं तर मोडेल. उरलेल्या तेरा छान आहेत. दाजींना फोन करून सांगितलं, ते म्हणाले मात्रा निम्मी करून बघ. मला करायची नाही. डिसेंबरात पर्यटक येतात तेव्हा सगळं फुलायला हवं, ऑक्टोबरात फुलवून मला काय मिळणार?

१५ डिसेंबर

बाकीच्या २९४ बिया आज टोकल्या. चार नोव्हेंबरची आणि आजची, दोन्ही तुकड्या जून महिन्यात किती पानांवर उभ्या राहतात ते पाहायचंय. उन्हाळ्यात रोपं थांबतातच, तर मग सहा आठवडे उशिरा पेरून तेवढं पाणी आणि निगराणी वाचते का, हा प्रश्न आहे. माझा अंदाज नोव्हेंबरच्या बाजूने आहे, कारण लहान रोप मरीला लवकर बळी पडतं. पण अंदाजच.

२७ डिसेंबर

विक्रीयोग्य २८६ निघाली. ३१८ मधली सात कंदकुजीने गेली, पंचवीस एकांगी किंवा कळ्या बिघडलेली. नाताळच्या आठवड्यात २११ गेली, बरीचशी हॉटेलांच्या जेवणाच्या टेबलांसाठी, बाकीची पुण्या-मुंबईच्या गाड्यांतून.

प्रत्येकाला तोंडी सांगतो आणि कागदावर लिहूनही देतो: दिवाणखान्यात पंख्याखाली नको, खिडकीजवळ थंड जागी ठेवा. पाणी कुंडीच्या कडेने. सुकलेलं फूल कापू नका, देठ पिळून काढा. पुणे-मुंबईत मार्चनंतर पानं पिवळी पडतील, ती मेली म्हणून टाकू नका. पाणी हळूहळू बंद करा, कुंडी कोरड्या, पावसाच्या झडीपासून दूर अशा सावलीत आडवी ठेवून द्या. गणपतीनंतर गार हवा लागली आणि डोक्यावर हिरवा ठिपका दिसला की पाणी सुरू. मुंबईच्या दमट हवेत जगेलच असं मी म्हणत नाही. पण फूल संपलं की कचऱ्याच्या डब्यात जाणारं झाड म्हणून ते विकायला माझा जीव होत नाही. एका वर्षाचं आहे ते, आणि रानात त्याचे भाऊबंद कितीतरी वर्षं जगतात.

क्रमांकाच्या कुंड्यांची आजची मोजणी, उमललेली, उमलून गेलेली आणि डोळ्यांना दिसणाऱ्या कळ्या धरून: ७ क्रमांक २६. ३ क्रमांक ९. ऑगस्टच्या पानांतून पहिली सात वजा केली तर २७ आणि ९ येतात. बाकीच्या आठांतल्या सहा कुंड्या दोन-तीन फुलांच्या फरकाने याच हिशेबात बसल्या, दोन फुलकिड्यांमुळे मागे राहिल्या. ३ क्रमांकाची अकरा पानं जुलैमध्ये माझ्या हाताने निघाली होती. रात्री वही घेऊन बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे पाहत बसलो होतो.

२ जानेवारी २०२५

७ क्रमांक विकायची नाही. तिच्या चार फुलांवर बारीक कुंचल्याने पराग लावला होता, दोन देठ खाली वाकायला लागलेत, टोकाला हिरवी गोळी. रानातल्या बहुतेक सायक्लेमेन जातींत फळ धरलं की देठ स्प्रिंगसारखा वेटोळे घालतो. पर्सिकममध्ये तो नुसता वाकतो. बी संकरित झाडाचं, त्यामुळे त्यातून आईसारखं पांढरंच फूल येईल याची खात्री नाही. तरी पेरणार.

१८ जानेवारी

दुसऱ्या तुकडीचा चौतिसावा दिवस. ट्रे बाहेर काढले. आतल्या दोन ट्रेमध्ये ८३ आणि ८०. दाराजवळच्या ट्रेमध्ये ९८ पैकी ८१.